वाल्डेन्शियन पंथ: ल्योंच्या 'गरिबां'विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाल्डेन्शियन म्हणजे नेमके कोण?

बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आज फ्रान्समध्ये असलेल्या ल्यों शहरात, एका धनाढ्य व्यापाऱ्याने संपत्ती वाटून टाकली आणि तो रस्त्यावर उभा राहून लोकांना त्यांच्याच बोलीत शुभवर्तमान सांगू लागला. त्याच्या मागे गेलेले स्त्री-पुरुष चर्चच्या कागदपत्रांत 'ल्योंचे गरीब' म्हणून येतात. पुढे त्या व्यापाऱ्याच्या नावावरून त्यांना वाल्डेन्शियन म्हणू लागले. मध्ययुगात रोमने पाखंडी ठरवलेल्या पंथांपैकी बहुतेक चिरडले गेले किंवा विरून गेले. हा पंथ मात्र साडेआठशे वर्षे टिकला आहे. इटलीत आजही त्याची मंडळी भरते, धर्मसभा होते, पाळक नेमले जातात.

संस्थापकाचे नाव पीटर वाल्डो असेच ना?

बहुतेक ठिकाणी तसेच छापलेले दिसते. पण त्याच्या हयातीतल्या कागदांत 'पीटर' कुठेच नाही. तिथे त्याचे नाव वाल्डेस किंवा वाल्डेसियस असे येते. 'पीटर' हे नाव चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, अनुयायांच्या लिखाणात उगवते. येशूच्या शिष्यांतला अग्रणी प्रेषित पीटर याच्याशी नाते सांगण्यासाठी ते जोडले गेले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणून या पानावर आपण त्याला वाल्डेस असेच म्हणू.

एका व्यापाऱ्याने एकाएकी सगळे का सोडले?

लाओं इथल्या एका अनामिक इतिवृत्तकाराने ही हकीकत लिहून ठेवली आहे. ११७३ च्या सुमाराची गोष्ट. रविवारी चौकात एक भाट संत अलेक्सिसची कथा गात होता. ऐन लग्नाच्या रात्री घर सोडून भिक्षेकरी झालेला हा श्रीमंताचा मुलगा. वाल्डेसने भाटाला घरी नेले आणि कथा पुन्हा ऐकली. दुसऱ्या दिवशी तो एका धर्मपंडिताकडे गेला आणि देवाकडे जाण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग कोणता, असे त्याने विचारले. पंडिताने मत्तयकृत शुभवर्तमानातले वचन सांगितले: तुला पूर्ण व्हायचे असेल तर जा, जे आहे ते विक आणि गरिबांना दे.

पुढचा भाग बरेच लेखक गाळतात. मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाल्डेसने बायकोला विचारले, स्थावर घेतेस की जंगम? तिने स्थावर घेतले. शेते, कुरणे, द्राक्षमळे, गिरण्या, भट्ट्या असे बरेच काही त्यात होते. जंगम मालातून त्याने आधी, व्याजापोटी ज्यांना नाडले होते त्यांचे पैसे परत केले. एक वाटा दोन लहान मुलींसाठी ठेवला आणि त्यांच्या आईला न सांगताच त्यांना फाँतव्रोच्या मठात घातले. उरलेले गरिबांना दिले. दुष्काळ पडला होता, तेव्हा तो आठवड्यातून तीन दिवस भाकरी, रस्सा आणि मांस वाटत असे. नंतर स्वतःजवळ काही उरले नाही, तेव्हा त्याने एका जुन्या मित्राकडे जेवण मागितले. हे कळल्यावर त्याची बायको रडत आर्चबिशपकडे गेली: माझ्या नवऱ्याने दुसऱ्याच्या दारी का मागावे? आर्चबिशपने हुकूम काढला की शहरात असताना वाल्डेसने बायकोकडेच जेवावे.

संताची कथा म्हणून ही हकीकत सांगताना त्या बाईचे रडणे आणि आईला न विचारता मठात गेलेल्या दोन मुली झाकू नयेत. त्याच्या त्यागाची काही किंमत दुसऱ्यांनीही मोजली.

दारिद्र्याचे व्रत तर चर्चलाही मान्य होते. मग बिनसले कुठे?

बोलण्यावरून बिनसले.

वाल्डेसने दोन धर्मगुरूंना पैसे देऊन शुभवर्तमाने आणि बायबलचे इतर काही भाग लोकभाषेत करून घेतले होते. भाषांतर सांगणारा होता अँसचा स्टीफन आणि उतरवून घेणारा बर्नार्ड इद्रोस. वाल्डेसने हा मजकूर पाठ केला आणि तो सांगत सुटला. मागोमाग विणकर, चांभार आणि बायकाही सांगू लागल्या. ११७९ मध्ये रोममध्ये तिसरी लॅटरन परिषद, म्हणजे चर्चची मोठी धर्मपरिषद, भरली तेव्हा हे लोक आपले भाषांतर घेऊन पोपकडे गेले. तिसऱ्या अलेक्झांडर पोपने वाल्डेसला आलिंगन दिले आणि दारिद्र्याच्या व्रताला मान्यता दिली, असे लाओंचा इतिवृत्तकार सांगतो. मात्र प्रवचनाला एक अट होती. स्थानिक धर्मगुरूने बोलावले तरच बोलायचे.

त्याच परिषदेत इंग्लंडच्या राजाकडचा वॉल्टर मॅप नावाचा धर्मगुरू होता. या माणसांची परीक्षा घ्यायचे काम त्याच्याकडे आले. देवपित्यावर विश्वास आहे का? आहे. पुत्रावर? आहे. पवित्र आत्म्यावर? आहे. ख्रिस्ताच्या मातेवर? आहे. यावर सभा खदखदून हसली. 'विश्वास' ठेवायचा तो फक्त देवावर, मातेचा मान वेगळा, हा शाळेतला नियम त्यांना ठाऊक नव्हता. पण त्याच मॅपने पुढे जे लिहिले त्यात खरी भीती उघडी पडते. हे लोक दोघे दोघे मिळून अनवाणी फिरतात, लोकरीचे जाडेभरडे घालतात, नग्न ख्रिस्तामागे नग्न चालतात. आज पाऊल टाकायला जागा नाही म्हणून नम्र आहेत. आत घेतले तर आपल्यालाच बाहेर काढतील.

११८० च्या सुमारास ल्योंमध्ये वाल्डेसने पोपच्या प्रतिनिधीसमोर श्रद्धेची कबुली दिली. ती संपूर्ण कॅथलिक होती, तिच्यात बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही काही वर्षांतच नव्या आर्चबिशपने, जाँ बेलमेंने, त्यांना शहराबाहेर काढले, कारण प्रवचने थांबली नव्हती. माणसांपेक्षा देवाचे ऐकले पाहिजे, हे प्रेषितांच्या कृत्यांतले उत्तर वाल्डेसने दिल्याचे सांगतात. ४ नोव्हेंबर ११८४ रोजी वेरोनामध्ये तिसऱ्या लुशियस पोपने फर्मान काढले आणि कॅथार या दुसऱ्या पाखंडी ठरलेल्या पंथासारख्यांच्या पंगतीत ल्योंच्या गरिबांनाही बहिष्कृत केले. ज्यांच्या श्रद्धेत खोट सापडली नव्हती ते परवानगीशिवाय बोलले म्हणून पाखंडी ठरले. त्यांची वेगळी मते पुष्कळशी नंतर आली, चर्चने दार लावल्यावर.

मग त्यांची मते वेगळी होती तरी कोणती?

मुळात ती येशूच्या डोंगरावरील प्रवचनातून आली होती, आणि ती त्यांनी शब्दशः घेतली.

शपथ अजिबात घ्यायची नाही. खोटे बोलायचे नाही. माणसाला मारायचे नाही, आणि यात न्यायाधीशाने दिलेली फाशीसुद्धा आली. पुढच्या पिढ्यांत आणखी भर पडली: मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होते ते शुद्धिस्थान नाकारणे, मेलेल्यांसाठीच्या प्रार्थना आणि पैसे देऊन सांगितलेल्या मिस्सा (चर्चमधले मुख्य उपासनाविधी) व्यर्थ मानणे, पापी धर्मगुरूने दिलेल्या संस्काराबद्दल शंका घेणे. ठिकठिकाणी तपशील बदलत. उत्तर इटलीतल्या लोंबार्डीतले गट जास्त कडवे होते. ते अंगमेहनतीवर जगावे म्हणत, तर ल्योंचे प्रवचनकार भिक्षेवर. १२०५ च्या सुमारास ते वेगळे झाले. १२१८ मध्ये बेर्गामोला समेटाची बैठक झाली. तोवर वाल्डेस वारला होता, आणि तो स्वर्गात गेला का, या प्रश्नावरही बोलणी अडली.

शपथ न घेण्यात एवढे काय होते?

मध्ययुगीन युरोपात सगळे व्यवहार शपथेवर चालत. सरंजामदाराशी निष्ठा, व्यापारी संघाचे सदस्यत्व, कोर्टातली साक्ष हे सगळे शपथेने बांधलेले. शपथ नाकारणारा माणूस राज्यालाच नाकारतो, असा अर्थ निघे. शिवाय पाखंडाच्या चौकशीची पहिली पायरीच शपथ होती, त्यामुळे वाल्डेन्शियन तिथेच ओळखू येत.

दक्षिण फ्रान्समधल्या पामिएच्या बिशपच्या दप्तरात याचे जे उदाहरण आहे, ते वाचून मन हलते. हा बिशप जाक फूर्निए, जो पुढे बारावा बेनेडिक्ट पोप झाला. त्याच्यासमोर रेमों द ला कोत नावाचा वाल्डेन्शियन डीकन (धर्मगुरूच्या खालच्या पायरीचा सेवक) आणि त्याला लहानपणी सांभाळलेली म्हातारी दाई आन्येस यांना आणले. रेमोंने बिशपशी महिनोन्महिने शास्त्रार्थ केला. तो विद्वान होता, सगळ्या प्रश्नांना सविस्तर उत्तरे देत होता. आन्येस विद्वान नव्हती. शपथ घे म्हणून तिला पुन्हा पुन्हा सांगितले, पण ती घेईना. १ मे १३२० रोजी दोघांना एकत्र जाळले.

त्यांच्यात बायका खरोखर प्रवचन करत?

हो, पहिल्या काही दशकांत नक्कीच. विरोधकांच्या ग्रंथांतूनच ते कळते. फोंकोदचा बर्नार्ड आणि लीलचा आलँ यांनी वाल्डेन्शियनांविरुद्ध लिहिताना बायकांनी का बोलू नये यावर पाने खर्ची घातली आहेत. जे घडत नाही त्यावर कोणी एवढी शाई घालवत नाही. पुढे छळ वाढला, पंथ लपला, तशा बायका प्रवचनातून मागे गेल्या. फिरते उपदेशक फक्त पुरुष राहिले. पण त्यांना घरात लपवणे, खाऊ घालणे आणि मुलांकडून वचने पाठ करून घेणे बायकांकडेच राहिले. बायकांना पाळकपद देण्याचा निर्णय वाल्डेन्शियन धर्मसभेने १९६२ मध्ये घेतला आणि १९६७ मध्ये पहिल्या स्त्रियांना दीक्षा दिली.

कॅथार आणि वाल्डेन्शियन एकच का?

नाही. ही गल्लत फार होते. कॅथारांवर दोन तत्त्वे मानण्याचा आरोप होता: आत्मा चांगल्या देवाचा, जड सृष्टी वाईटाची. वाल्डेन्शियन एकच देव आणि त्यानेच घडवलेली सृष्टी मानत. इतकेच नव्हे, तर ते कॅथारांशी उघड वाद घालत. वाल्डेसचा अनुयायी वेस्काचा डुरांड याने कॅथारांविरुद्ध मोठा ग्रंथच लिहिला. १२०७ मध्ये पामिएच्या वादसभेनंतर हा डुरांड कॅथलिक चर्चमध्ये परतला आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या इनोसंट पोपने त्याच्या गटाला 'गरीब कॅथलिक' म्हणून मान्यता दिली. तेच दारिद्र्य, तीच प्रवचने, फक्त आता परवानगीने.

असिसीचा संत फ्रान्सिसही असाच होता. तो संत झाला आणि वाल्डेस पाखंडी, असे का?

दोघे व्यापारी घरातले, दोघांनी सगळे वाटून टाकले, दोघे उपदेश करत फिरले. अंतर जेमतेम तीसेक वर्षांचे. फ्रान्सिस रोमला गेला तेव्हा गादीवर तिसरा इनोसंट होता. अशा लोकांना बाहेर ढकलून चर्चचेच नुकसान होते, हे त्याला कळले होते. शिवाय फ्रान्सिसने धर्मगुरूंच्या आज्ञेत राहणे हा व्रताचाच भाग मानला. वाल्डेस त्या एका मुद्द्यावर मागे हटला नाही. माझ्या मते यात भक्तीचा फरक नाही, काळाचा आणि आज्ञापालनाचा आहे.

तेव्हा बायबल लोकभाषेत वाचायला बंदी होती का?

सरसकट नव्हती. ११९९ मध्ये मेत्झच्या लोकांबद्दल तिसऱ्या इनोसंटने लिहिले की शास्त्र समजून घ्यायची इच्छा स्तुत्यच आहे, गुप्त बैठका आणि परस्पर प्रवचने मात्र नकोत. कडक बंदी प्रादेशिक परिषदांनी आणली. १२२९ च्या तुलूझ परिषदेने सामान्यांना जुन्या-नव्या कराराची पुस्तके ठेवायला मनाई केली, भाषांतरांना तर नक्कीच. पण पुस्तक जप्त होते, पाठ केलेले होत नाही. तेराव्या शतकातल्या पासाऊच्या एका अनामिक चौकशीकाराने लिहिले आहे की ईयोबाचे अख्खे पुस्तक तोंडपाठ असलेला एक अडाणी शेतकरी त्याने पाहिला होता.

त्यांच्याविषयीची माहिती शत्रूंनीच लिहिलेली असेल तर विश्वास कसा ठेवायचा?

सावधपणे ठेवायचा. आपल्याकडे येणारे बहुतेक शब्द जबानीतले आहेत. कैद्याने लोकभाषेत सांगितले, कारकुनाने लॅटिनमध्ये उतरवले, आणि तेही आधीच ठरवलेल्या प्रश्नांना उत्तरे म्हणून. म्हणून शत्रू जेव्हा नकळत स्तुती करतो, ती वाक्ये मला जास्त खरी वाटतात. पासाऊचा तोच लेखक या लोकांना ओळखायच्या खुणा देतो: कपड्यांत भपका नाही, खोटे आणि शपथ टाळण्यासाठी व्यापार करत नाहीत, हाताच्या कामावर जगतात, गुत्त्यात जात नाहीत, राग आवरतात, सतत काम करतात, शिकतात नाहीतर शिकवतात. पाखंडी पकडायला निघालेल्या माणसाने दिलेली ही यादी आहे.

गोव्यातल्या इन्क्विझिशनशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही, वंशाचा आहे. ११८४ च्या फर्मानाने बिशपांना परगण्यात फिरून पाखंडी शोधायला लावले. १२३० च्या दशकात नवव्या ग्रेगरी पोपने त्यासाठी खास चौकशीकार नेमले, मुख्यतः डॉमिनिकन. साक्षीदारांची नावे आरोपीपासून लपवायची, कबुली मिळवायची आणि जाळायचे झाल्यास राज्यसत्तेच्या हवाली करायचे, ही पद्धत वाल्डेन्शियन आणि कॅथारांच्या खटल्यांतच पक्की झाली. गोव्याचे न्यायासन १५६० मध्ये सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. ते पोर्तुगीज राजसत्तेशी बांधलेले होते आणि त्याचे बळी वेगळे होते: धर्मांतरित ज्यू, आणि जुन्या चालीरीती न सोडणारे नवख्रिस्ती. पण कार्यपद्धती त्याच जुन्या मुळावरची होती.

एवढ्या छळात ते टिकले कसे?

डोंगर आणि गुप्तता, या दोन्हींमुळे. आल्प्समधली पेलिचे, किसोने आणि जेर्मानास्का ही खोरी, पलीकडे फ्रान्समधले दोफिने, दक्षिण इटलीत कालाब्रिया, उत्तरेला पार बाल्टिकजवळचे पोमेरानिया, इथवर ते पसरले होते. पीटर त्स्विकर या चौकशीकाराने १३९२ ते १३९४ मध्ये श्टेटिनला शेकडो जणांना बोलावले. त्यांतल्या सुमारे दोनशे जबान्या आजही शिल्लक आहेत.

या विखुरलेल्या घरांना जोडणारे होते 'बार्बा', म्हणजे तिकडच्या बोलीत काका. हे फिरते उपदेशक एक वडीलधारा आणि एक तरुण अशा जोडीने, फेरीवाल्यांच्या किंवा कारागिरांच्या वेशात जात. १५३० मध्ये जॉर्ज मोरेल या बार्बाने स्वित्झर्लंडच्या सुधारकांना त्यांच्या शिक्षणाची माहिती दिली. बहुधा गुराखी किंवा शेतकरी घरातली तरुण मुले निवडायची. तीन-चार वर्षे हिवाळ्याच्या महिन्यांत मत्तय, योहान आणि काही पत्रे तोंडपाठ करून घ्यायची. मग वडीलधाऱ्यासोबत वाटेला लावायचे.

बाकीचे अनुयायी बाहेरून कॅथलिक राहत. गावच्या चर्चमध्ये जात, मुलांचा बाप्तिस्मा तिथेच करत, आणि वर्षातून एकदोनदा रात्री घरात बार्बापुढे पापनिवेदन करत. खोटे न बोलण्याचे व्रत घेतलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या असे दुहेरी जगावे लागले. हा ताण मोरेलच्या पत्रातही जाणवतो.

हा पंथ प्रेषितांच्या काळापासूनचा आहे, असे काही ठिकाणी वाचले. खरे आहे का?

नाही. मध्ययुगातच त्यांच्यात अशी आख्यायिका होती की कॉन्स्टंटाइन बादशहाने सिल्व्हेस्टर पोपला संपत्ती दिली तेव्हा ती नाकारणाऱ्या साथीदाराचे आपण वारस. पुढे प्रोटेस्टंट लेखकांनी ती उचलून धरली. त्यांचा मोठा पुरावा होता 'नोब्ला लेइचोन' हे जुने काव्य. त्यात 'अकराशे वर्षे झाली' अशी ओळ असल्याने ते वाल्डेसच्या आधीचे मानत. १८६२ मध्ये केंब्रिजचे हेन्री ब्रॅडशॉ यांनी हरवली म्हणून समजली जाणारी वाल्डेन्शियन हस्तलिखिते तिथल्याच ग्रंथालयात शोधून काढली. त्यातल्या एका प्रतीत, मूळच्या 'हजार आणि शंभर' या शब्दांतल्या 'शंभर'च्या आधीचा ४ हा आकडा खोडलेला दिसला. मूळ ओळ चौदाशे वर्षांची होती.

प्रोटेस्टंट सुधारणेशी त्यांचे नाते काय?

१५३२ मध्ये आंग्रोन्या खोऱ्यात शानफोरान इथे सभा भरली. गियोम फारेल हा सुधारकही आला होता. तिथे त्यांनी सुधारणेच्या बाजूने कौल दिला आणि फ्रेंच बायबलच्या छपाईला पैसे उभे केले. सुधारक कॅल्विनचा नातेवाईक ओलिवेतां याचे हे भाषांतर १५३५ मध्ये नोशातेलजवळ छापले गेले. बदल्यात बरेच काही गेले: शपथेचा नकार, फिरते बार्बा, अहिंसेचा आग्रह. काही इतिहासकार म्हणतात की मध्ययुगीन पंथ इथेच संपला. मला हे मत अर्धे पटते. पंथ बदलला, पण माणसे तीच होती आणि खोरीही तीच.

उघड झाल्यावर काय झाले?

कत्तली. १५४५ च्या एप्रिलमध्ये प्रोव्हान्समधली मेरँदोल आणि काब्रिएर ही गावे जाळली. जून १५६१ मध्ये कालाब्रियात ग्वार्दिया आणि सान सिस्तो इथे संहार झाला. मोंताल्तोमध्ये ८८ जणांचे गळे एकामागून एक चिरल्याचे एका कॅथलिक साक्षीदाराच्याच पत्रात आहे. त्याच महिन्यात, ५ जूनला, उत्तरेत सव्हॉयच्या ड्यूकने कावूरच्या तहाने डोंगरातल्या वाल्डेन्शियनांना ठरावीक हद्दीत उपासनेची मुभा दिली. १६५५ च्या एप्रिलमध्ये तिथेही कत्तल झाली. तिच्यावर इंग्रज कवी मिल्टनने सुनीत लिहिले आणि इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेलने युरोपभर निषेध उठवला. १६८६ मध्ये हजारोंना कैदेत टाकले, वाचलेल्यांना जिनीव्हाकडे हाकलले. १६८९ च्या ऑगस्टमध्ये पाळक आंरी आर्नो याच्यासोबत सुमारे ९०० माणसे शस्त्रे घेऊन आल्प्स ओलांडत परत आली. मारायचे नाही म्हणणाऱ्यांचे हे वंशज.

नागरी हक्क मिळायला १७ फेब्रुवारी १८४८ उजाडले. आजही आदल्या संध्याकाळी त्या खोऱ्यांत होळ्या पेटतात.

आज ते कुठे आहेत? रोमने कधी माफी मागितली का?

मुख्य केंद्र तुरीनजवळचे तोर्रे पेलिचे. उरुग्वे आणि अर्जेंटिनातही त्यांची मंडळी आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातले वाल्डीझ हे गाव त्यांनीच १८९३ मध्ये वसवले. इटलीत १९७५ पासून ते मेथडिस्टांशी एकत्र आहेत.

२२ जून २०१५ रोजी पोप फ्रान्सिस तुरीनच्या वाल्डेन्शियन चर्चमध्ये गेले. तिथे जाणारे ते पहिले पोप. आपल्या चर्चच्या अख्रिस्ती, अमानुष वागणुकीबद्दल त्यांनी क्षमा मागितली. ऑगस्टमध्ये धर्मसभेने उत्तर लिहिले. पोपचे शब्द मनापासून स्वीकारले, नव्या नात्याचे स्वागत केले, पण हेही सांगितले की ज्यांनी रक्त देऊन किंमत मोजली त्यांच्या जागी उभे राहून त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार आम्हाला नाही.